खळ धुतलेलं कापड

जठारपेठ, अकोला
२ डिसेंबर २०२४

चि. दीपमाला हिला पंजाबमामाचा जय भीम.

पत्राला कारण एकच, आणि ते गुडघ्याखाली आहे.

तू म्हणशील, घरात तीन मोबाइल असताना मामांनी हे पोस्टाचं काय काढलं. मिलमध्ये सहा वर्षं मागांच्या खडखडाटात काढली आणि पुढची अठ्ठावीस सायझिंग खात्यात. कान आधी गेले, मिल नंतर गेली. फोनवर तू बोललीस की पलीकडे कुणी ज्वारी दळत असल्यासारखं वाटतं. मोबाइलवरची अक्षरं वाचायला घ्यावीत तर चुकीचं बोट लागून ती नाहीशी होतात. मग रूपाली वाचून दाखवते, म्हणजे ओरडून सांगते. माझी शुगर किती आहे हे मला कळण्याआधी सगळ्या जठारपेठेला कळलेलं असतं. सून गुणाची आहे, पण आवाज पोलीस खात्यातला आहे.

तर मुद्दा. दिवाळीत तू माझा हा रबरी पाय हातात घेतलास आणि म्हणालीस, "मामा, हा पाय हाये का पाटा?" मग म्हणालीस की तुमच्या कॉलेजात कार्बनच्या कापडाचा पाय करता येईल, अर्ध्याहून हलका, वर चालताना पुढे ढकलणारा. तू बोलून विसरली असशील. मी धरून बसलो आहे.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत मी सातव्या वर्षापासून चालतो. कोरोनाची दोन वर्षं मिरवणूकच नव्हती, ती माझ्या नावावर धरू नकोस. यंदा फेब्रुवारीत पाय काढला आणि एप्रिलमध्ये मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. लोक खालून हात हलवत होते, जसा मी कुठल्या गाडीत बसून कायमचा निघालो आहे. पुढच्या वर्षाचं अश्विनने आत्ताच ठरवलं आहे. "बाबा, तुमाले ट्रॉलीवर बसवतो, पुतळ्याच्या बाजूले." मी म्हटलं, "मले जित्तेपणी पुतळ्याच्या बाजूले नाही बसाचं."

मला जठारपेठेपासून अशोक वाटिकेपर्यंत चालायचं आहे, दोन पायांवर. होईल की नाही ते लिही. नाही म्हणालीस तरी चालेल, पण मग नीट नाही म्हण.

तुझा
पंजाबमामा


अमरावती
१० डिसेंबर २०२४

आदरणीय मामा, जय भीम.

नाही म्हणायला धीर लागतो, तो माझ्यात नाही. तेव्हा हो.

मी विसरले नव्हते. पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू आहे आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण अजून कोरं आहे. सरांना विचारलं, पायाचा तळवा करून पाहू का. ते म्हणाले, "उपयोजन म्हणून बरं दिसेल." म्हणजे तुमचा पाय आता उपयोजन आहे. तुमच्या देवरावांनी बसवलेली गुडघ्याखालची वाटी आणि दांडी तीच राहील, मी फक्त खालचा तळवा करीन. तळव्याचा बोल्ट देवरावच आवळतील, तुम्ही पान्याला हात लावायचा नाही.

तुम्हाला कारागिरी कळते म्हणून थोडं समजावून सांगते. कार्बनचा धागा ओढायला पोलादाहून चिवट, पण नुसता धागा म्हणजे दोरी, त्यावर उभं राहता येत नाही. म्हणून कापडाच्या थरांमध्ये रेझिन भरतात, ते वाळून घट्ट होतं. पण नुसतं रेझिन म्हणजे काच. दोघांची ताकद एकमेकांना धरण्यात आहे. भार रेझिनवर पडतो आणि ते तो धाग्यांना वाटून देतं. धाग्याला रेझिनने किती पकडलं आहे, यावर सगळं ठरतं. माझं तिसरं प्रकरण नेमकं त्यावरच आहे आणि म्हणूनच कोरं आहे.

एक मदत हवी. हे कापड कापताना फार पिंजतं. आमच्या प्रयोगशाळेत सगळे इंजिनियर, कात्री कुणालाच धरता येत नाही. तुमचा हात कापडावर बसलेला आहे. एसटीच्या पार्सलने कापड आणि कागदी खाके पाठवते आहे. तळव्याचे चोवीस तुकडे आणि चाचणीच्या पट्ट्यांचे वेगळे. फक्त कापून पाठवा. काळी धूळ उडते, नाकाला रुमाल बांधा.

तळवा हातात देण्याआधी मी सगळ्या चाचण्या करीन, हा शब्द.

तुमची
दीपमाला


अकोला
२४ डिसेंबर २०२४

चि. दीपमाला हिला जय भीम.

तुकडे आजच्या एसटीने निघाले आहेत. काठाला आधी चिकटपट्टी लावली, मग तुझ्या मामीची कात्री चालवली. एक सूत इकडेतिकडे नाही, खाक्यावर ठेवून पाहा. तुझी मामी असती तर म्हणाली असती, या माणसाने माझा एक ब्लाउज कधी सरळ कापला नाही.

रूपालीने दोन दिवस तोंडाला ओढणी बांधली होती. "बाबा, घर काळं करून राहिले तुमी." अश्विन म्हणाला, "कोण्या फॅक्टरीत पाय असा घरी बनते?" मी म्हटलं, तू वीज मंडळात आहेस, तुझी वीज तरी कुठे घरी बनते. त्याला पटलं नाही, पण मला ऐकू आलं नाही.

कापड सुरेख आहे. मी काम अर्धवट सोडत नाही हे तुला माहीत आहे. कापडावर जे करायचं असतं ते सगळं करून पाठवलं आहे. चौतीस वर्षं मिलमध्ये उगाच नाही काढली.

चौदा एप्रिलला एकशे अकरा दिवस उरले.

पंजाबमामा


अमरावती
१९ जानेवारी २०२५

आदरणीय मामा, जय भीम.

पत्राला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. अजूनही नाही.

आधी चाचणीच्या पट्ट्या केल्या. दिसायला देखण्या. यंत्रात वाकवल्या, तर निम्म्या भारालाच थर सुटायला लागले. खारी चहात बुडवल्यावर जशी सुटते तसे. पुन्हा केल्या, पुन्हा तेच. तळवा अजून केलेलाच नाही, त्याच तुकड्यांचा केला असता तर तो दुसऱ्या दिवशी तुमच्या बुटात उलगडला असता.

रेझिनचा डबा बदलला. हार्डनर बदललं. भट्टीचं तापमान तीनदा तपासलं, थंडीचा दोष असेल म्हणून खोलीत हीटर लावला. सर म्हणतात, "तुमचा हात स्थिर नाही." दोन वर्षांपूर्वी याच कापडाच्या, याच रेझिनच्या पट्ट्या एका मुलाने चांगल्या केल्या होत्या, तेव्हा दोष माझाच असणार असं मलाही वाटू लागलं आहे. शेवटी तुटलेली कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. धागे इतके स्वच्छ आहेत मामा, की मी असे कधी पाहिलेच नाहीत. एकाही धाग्याला रेझिनचा कण चिकटलेला नाही. चिखलातून काढलेला पाय कोरडा निघावा तसे.

तुम्ही काळजी करू नका. तुमची कापणी अप्रतिम आहे. चूक कुठे आहे ते शोधते आहे.

दीपमाला


अकोला
२५ जानेवारी २०२५

चि. दीपमाला हिला जय भीम.

धागे स्वच्छ आहेत हे तुमच्या सूक्ष्मदर्शकाने ओळखलं, बरं वाटलं. आमच्या मिलमध्ये हे ओळखायला मास्तर बोट फिरवून पाहायचे. आता तू विचारलंच आहेस तर सांगतो, नाहीतर आपणच आपलं सांगणं बरं दिसत नाही.

कापड हातात घेतल्याबरोबर मला कळलं की त्यावर खळ आहे. बोटाला लागते, थोडी गुळगुळीत, थोडी चिकट. सूत मागावर चढवायच्या आधी त्याला खळ द्यायची, म्हणजे पिंजत नाही. हे माझंच काम होतं. पण कापड विणून झालं की खळेचं काम संपलं. ती धुतल्याशिवाय त्यावर रंग बसत नाही, हे आमच्याकडे झाडूवाल्यालाही माहीत होतं. तुझ्या कंपनीने खळ तशीच ठेवून कापड विकलं. आळशी लोक.

आधी धुण्याच्या सोड्यात उकळलं. अंगणात चूल मांडून, रूपालीच्या पातेल्यात नाही, जुन्या डब्यात. पुरतं निघेना. मग रंगाच्या दुकानातून थिनर आणून तीन पाण्यांनी धुवावं तसं तीनदा धुतलं, सावलीत वाळवलं. बोट फिरवलं तर कोरडं, करकरीत. तेव्हा कापड स्वच्छ आहे याची खात्री बाळग आणि तुझं रेझिन तपास. मला त्या दुकानदाराचाच संशय येतो.

अंगणात दहा फेऱ्या मारतो, रबरी पायावर. पाटा तो पाटाच.

पंजाबमामा


अमरावती
३० जानेवारी २०२५

आदरणीय मामा, जय भीम.

हे तिसरं पत्र आहे. आधीची दोन फाडली, ती तुमच्या वाचण्याजोगी नव्हती.

ती खळ धुवायची नव्हती.

ती मागासाठी नसते, रेझिनसाठी असते. कार्बनच्या धाग्याला रेझिन आपणहून फारसं धरत नाही. म्हणून कारखान्यातच त्याच्यावर असा लेप देतात जो एका बाजूने धाग्याला आणि दुसऱ्या बाजूने रेझिनला ओळखतो. सोयरिकीत मध्यस्थ असतो तसा. तुम्ही मध्यस्थाला थिनरने तीनदा धुऊन दारातून घालवलं आणि मी महिनाभर नवरा-नवरीला विचारत बसले की तुमचं जमत का नाही.

मी फक्त कापायला सांगितलं होतं.

रोलमधलं थोडं कापड शिल्लक आहे, तीन तळव्यांपुरतं आणि थोड्या पट्ट्यांपुरतं. एकाचं मीच कापते, कसंही कापलं गेलं तरी. पकड आणखी वाढवता येते का ते पाहायचं आहे. खळ मी पद्धतशीर काढते आणि मग धागे ॲसिडमध्ये ठेवते, म्हणजे त्यांचा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि रेझिन घट्ट धरतं.

दीपमाला


अकोला
८ फेब्रुवारी २०२५

चि. दीपमाला हिला जय भीम.

चूक झाली. हे वाक्य मी सलग दुसऱ्यांदा लिहिणार नाही, म्हणून जपून ठेव.

पण एक विचारतो. मी खळ धुतली ती चूक. आता तूही खळ धुतेस, वर ॲसिडही ओततेस, ते संशोधन. फरक एवढाच दिसतो की तू मोजून धुतेस. असो, शिकलेल्या माणसाने धुतलेलं वेगळं असेल.

तुझं पत्र वाचून दोन दिवस अंगणात गेलो नाही. अश्विनला वाटलं तब्येत बिघडली, त्याने अंगणाच्या दाराला कडी लावली. पडतो म्हणून जाऊ देत नाही, जात नाही म्हणून काळजी करतो. मिलमधल्या लोकांना मी कधी भ्यालो नाही, पण माझा मुलगा माझा दंड असा धरतो की सुटल्यावर बोटं उमटलेली असतात. त्याच्यावर राग तरी कसा धरावा, पाय काढला त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर तोच रडत बसला होता.

चौदा एप्रिलला पासष्ट दिवस. माझ्यामुळे दीड महिना गेला हे मला मोजता येतं.

पंजाबमामा


अमरावती
७ मार्च २०२५

आदरणीय मामा, जय भीम.

पत्रासोबत पार्सल आहे. उघडा, मग पुढचं वाचा.

पाहिलात? अर्ध्या किलोच्या आत आहे. ॲसिडचा उपाय लागू पडला. धागा आणि रेझिन यांच्या पकडीचा आकडा आमच्या विभागात आजवर कुणाचा आला नाही इतका आला. सरांनी पेढे मागवले आणि माझा हात स्थिर आहे असं चार जणांसमोर सांगितलं. आता हे दोघं जन्मात एकमेकांना सोडणार नाहीत. तिसरं प्रकरण झपाट्याने लिहून होतं आहे.

मी मागच्या पत्रात तुम्हाला तोडून बोलले, ते मनावर घेऊ नका. तुम्ही खळ धुतली नसती तर मी पकडीच्या मागे एवढी लागले नसते.

चाचण्यांची चिंता करू नका. देवरावांकडून बसवून घ्या आणि बिनधास्त चाला. सव्वा महिना आहे, भरपूर सराव होईल.

दीपमाला


अकोला
२१ मार्च २०२५

चि. दीपमाला हिला जय भीम.

पाय मिळाला. फार हलका आहे. देवराव म्हणाले, असा पाय त्यांनी चित्रातच पाहिला होता. मी चाललो, छान चाललो. पुढे ढकलतो म्हणालीस ते खरं आहे, ढकलतो.

सध्या अकोल्यात ऊन फार आहे, म्हणून घरातच असतो. तुझं प्रकरण लिहून होऊ दे, माझी घाई नाही. एप्रिलचं पाहू. ट्रॉलीवर बसणंही काही वाईट नाही, वरून सगळं दिसतं.

तुझ्या सरांचे पेढे चांगले होते ना?

पंजाबमामा

(मागच्या बाजूला, निळ्या पेनाने)

दीपमालाताई, मी रूपाली. पत्र पोस्टात टाकाले माह्याजवळ देलं म्हणून लिहून राहिली. बाबा खोटं लिहून राहिले. पाच दिवस लय मजेत चालले, पोरासारखे. पंधरा तारखेले सकाळी अंगणात पाय एकदम मोडला. आवाज असा आला का आमाले वाटलं कुकर फुटला. बाबाले आवाज आला नाही, ते सरके खालीच पडले. कपाळाले चार टाके हायेत. तुमाले सांगू नको म्हणे, पोरीचं पुस्तक थांबते. आमच्या यायनं अंगणाले कुलूप लावलं. मोडलेला पाय पार्सलनं पाठवला, तुमीच पाहा. रागावली नाही मी, पण सांगा काहून मोडला.


अमरावती
२६ मार्च २०२५

आदरणीय मामा,

रूपालीवहिनीने मला सांगितलं म्हणून तिच्यावर रागावू नका. रागवायचं असेल तर माझ्यावर, आणि ते का ते सांगते.

डिसेंबरमध्ये मी शब्द दिला होता की सगळ्या चाचण्या करीन. मी पकडीची चाचणी केली. आघाताची केली नाही. त्या यंत्रावर पंधरा दिवसांची रांग होती, पकडीचा आकडा विक्रमी होता, सर खूश होते, पेढे आले होते. मला वाटलं, इतकं घट्ट धरलेलं मोडेल कशाला. "चाचण्यांची चिंता करू नका" असं लिहिलं, तेव्हा मला माहीत होतं की एक राहिली आहे. तुमच्या कपाळावरचे चार टाके मी घातलेले आहेत.

मोडलेली कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. भेग बोल्टच्या भोकापासून निघाली आणि सुरीने पेढा कापावा तशी आरपार गेली. एकही धागा बाहेर ओढला गेलेला नाही. पकड इतकी घट्ट होती की रेझिन फुटलं तसा त्याच्यासोबत धागाही फुटला, दोघांपैकी कुणी कुणाला सोडलंच नाही. पकड बेताची असती तर भेगेला प्रत्येक धाग्यापाशी अडावं लागलं असतं, वळावं लागलं असतं, धागे ओढून काढताना तिचा जोर संपला असता. कपाशीची ओली पऱ्हाटी मोडताना साल सुटते, तंतू निघतात, हात दुखून येतो, पण ती एकदम मोडत नाही. वाळकी कट्कन मोडते. मी तुम्हाला वाळकी पऱ्हाटी बांधून दिली.

तुमच्या धुतलेल्या कापडाने निदान आधी थर सोडून सांगितलं असतं. माझ्या कापडाने काहीच सांगितलं नाही.

सरांना म्हटलं हे प्रकरणात घालायचं. ते म्हणाले, "एका वापरणाऱ्याची एक तक्रार, त्यावरून निष्कर्ष काढू नका." आता तुम्ही उपयोजनावरून तक्रार झाला आहात.

मामा, एप्रिलचा शब्द मी देऊ शकत नाही. रबरी पाय लावा आणि अश्विनदादाचं ऐका. मला फार वाईट वाटतं आहे.

दीपमाला


अकोला
३० मार्च २०२५

चि. दीपमाला हिला जय भीम.

रूपालीला मी काही बोललो नाही. तिने कबूल केलं तेही ओरडूनच, शेजारच्यांनी मला माफ करायला लावलं.

टाके निघाले. कपाळ माझं आहे, तू त्यावर हक्क सांगू नकोस.

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चौथ्यांदा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सायझिंग खात्यात पहिल्याच दिवशी आम्हाला काय शिकवत, ठाऊक आहे? खळ कमी झाली की सूत पिंजतं. जास्त झाली की सूत काडीसारखं कडक होतं आणि मागावर पटापटा तुटतं. सुताला खळ एवढीच द्यायची की ते सांभाळलंही जावं आणि वाकावंही. नवा माणूस नेहमी जास्त देतो, त्याला वाटतं जास्त म्हणजे चांगलं. अठ्ठावीस वर्षं मी पोरांना हेच सांगत होतो. आणि तू जेव्हा लिहिलंस की आता हे दोघं जन्मात सुटणार नाहीत, तेव्हा या खात्यातल्या म्हाताऱ्याने चष्मा पुसला आणि म्हटलं, वा.

मी माझ्या हुशारीने सगळी खळ काढली. तू तुझ्या हुशारीने दसपट पकड दिलीस. ज्या कंपनीला मी आळशी म्हणालो, तिने किती खळ दिली होती, हे आपल्यापैकी कुणी विचारलं का?

तू लिहिलं होतंस की तीन तळव्यांपुरतं कापड आहे. एक झाला. उरलेल्या कापडाला अजून कुणाची अक्कल लागली नसेल तर त्याचा एक कर. धुऊ नकोस, सुधारू नकोस. नंतर ते आघाताचं यंत्र आहे त्यावर आधी ठोक, रांग असेल तर रांगेत उभी राहा. पास झाला तर पाठव. नाही झाला तर खरं लिही, मी ट्रॉलीवर बसेन. या वेळी खोटं बोलणार नाही, मला ट्रॉलीवर बसायला आवडणार नाही. फार वाईट वाटेल.

पंजाबमामा


अमरावती
९ एप्रिल २०२५

आदरणीय मामा, जय भीम.

हे पत्र तळव्याच्या पार्सलमध्येच ठेवते आहे.

तुमचं पत्र दोन तारखेला मिळालं. त्याच दिवशी कापड काढलं. काठाला चिकटपट्टी लावून कापलं, तुमच्यासारखं नाही पण सरळ. कापडाला काहीही केलं नाही. इतकं अवघड काम मी या तीन वर्षांत केलं नव्हतं, हात सारखा ॲसिडच्या बाटलीकडे जायचा. एकाच साच्यातून दोन तळवे काढले, तुमच्यासाठी एक आणि ठोकण्यासाठी एक. कापड शेवटच्या चिंधीपर्यंत संपलं.

आघाताच्या यंत्राच्या रांगेत माझ्या पुढे जो होता त्याला सांगितलं, माझ्या मामांच्या कपाळाला चार टाके पडलेत. त्याने नंबर सोडला. ठोकायचा तळवा आधी तीन दिवस रात्रंदिवस वाकवला, दोन लाख वेळा. मग वजन पाडलं. भोकापासून भेग निघाली, दोन-तीन थरांमध्ये वळली, धाग्यांत अडकली आणि थांबली. आणखी वजन पाडलं. तो कुरकुरला, कडेला पिंजला, पण दोन तुकडे झाले नाहीत. तुमचा तळवा त्याचा जुळा आहे. मोडायचाच झाला तर आधी कुरकुरेल आणि काठ पिंजेल. देवरावांना सांगून ठेवा की दर आठवड्याला काठ पाहायचा.

पकडीचा आकडा मध्यम आला. सर म्हणाले, "यात नवीन काय?" मी म्हटलं, नवीन काही नाही, हेच प्रकरण आहे. तीन पट्ट्या शेजारी ठेवल्या आहेत. एक तुमची धुतलेली, एक माझी ॲसिडची, एक कुणी हात न लावलेली. सरांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि तुमच्या पट्टीबद्दल विचारलं, ही धुण्याची पद्धत कुणाची? मी लिहिलं आहे, पंजाब तेलगोटे, अकोला. आभारात नाही, पद्धतीत.

आपण दोघांनी काही केलं नसतं, तर तुमचा पाय जानेवारीतच झाला असता. फक्त प्रबंध झाला नसता.

चौदा तारखेला मला इथे विद्यार्थ्यांसोबत राहावं लागेल. खरं कारण ते नाही. तुम्हाला चालताना पाहायची माझी छाती नाही. काय झालं ते लिहा, जसं झालं तसं.

दीपमाला


जठारपेठ, अकोला
१६ एप्रिल २०२५

चि. दीपमाला हिला मामाचा जय भीम.

जसं झालं तसं लिहितो.

देवरावांनी तळवा बसवला आणि तीन दिवस अंगणात चाललो. अश्विनने कुलूप स्वतः काढलं, पण किल्ली खिशात ठेवली. चौदाला नवा पांढरा शर्ट, पांढरी पँट, दोन्ही पायांत बूट. निघताना त्याने माझा दंड धरला. मी म्हटलं, "सोड."

"पडसान ना बाबा."

"दोन पावलं मांगं चाल. पडलो तं उचल."

तो उभाच राहिला. रूपाली जे बोलली ते मला ऐकू आलं, म्हणजे चौकापर्यंत गेलं असेल. "सोडा ना जी, तुटन तो असा धरला तं." त्याने सोडलं. नंतर पूर्ण वाट तो बरोबर दोन पावलं मागे होता. मी वळून पाहिलं नाही, पण उन्हात त्याची सावली माझ्या बुटाशी येत होती.

तू लिहिलंस की कुरकुरला तर लक्ष द्या. कुरकुर मला ऐकू येणार नाही हे तुझ्या ध्यानात राहिलं नाही. अश्विनला ते काम दिलं, पण डीजेपुढे त्यालाही काही ऐकू आलं नाही. मिरवणुकीत कानाला त्रास न झालेला मी एकटाच माणूस होतो. वाटेत दोनदा बसलो, एकदा पाण्याला आणि एकदा अश्विनचा चेहरा पाहून. काठ तपासला, पिंजलेला नाही.

ट्रॉली माझ्या पुढे होती. तिच्यावर यंदा आमच्या गल्लीतले सहदेवराव बसले होते, दोन्ही पाय धडधाकट असून. मी त्यांना खालून हात हलवला.

अशोक वाटिकेपाशी गर्दी दाटली. तिथे एका अनोळखी माणसाने माझ्या डाव्या पायावर पाय दिला. चांगला वजनदार गडी, जाड बूट. मला काही कळलंच नाही. त्याने घाईने हात जोडले, तोंड हलवलं, तेव्हा मी खाली पाहिलं. माफी मागत होता. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला लागलं असेल. चौदा महिन्यांत त्या पायावर कुणी पाय दिला नव्हता, दीपमाला. सगळे लांबून जायचे.

मी म्हटलं, "लागलं ना भाऊ. पाहून चालत जाय."

तुझा
पंजाबमामा